तुम्ही विचारलंत म्हणून: आपली गुराब का नाही बांधली?

पाहुणे येतात, काचेच्या कपाटातली नौका पाहतात, कौतुक करतात आणि मग विचारतात, “पण इंग्रजांची कशाला? आपल्या आरमारातली गुराब का नाही बांधलीत?” गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातली तोफा असलेली शिडाची युद्धनौका. हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला आहे, कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे, पंखा दुरुस्त करायला आलेल्या तरुणानेही विचारला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते हे मला समजते. तरीही प्रत्येक वेळी माझे उत्तर अर्धवट राहते आणि ‘याला परक्यांचे कौतुक जास्त’ असा समज करून घेऊन समोरचा निघून जातो. तो समज मला लागतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. मराठ्यांचे आरमार, कान्होजी आंग्रे, विजयदुर्ग हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत नाही.

कपाटातली नौका म्हणजे १८०० च्या सुमाराचा इंग्रजांचा कटर, एका डोलकाठीची, तोफा असलेली लहान नौका. अमाती या इटालियन कंपनीचा ‘लेडी नेल्सन’ नावाचा, १:६४ प्रमाणाची प्रतिकृती बांधण्याचा तो संच आहे. नवशिक्याने एका डोलकाठीच्या लहान नौकेपासून सुरुवात करावी, असे या छंदातले जाणते लोक सांगतात, आणि ते मी ऐकले. पेटीत कण्याची प्लायवूडची पाटी होती, तिच्यावर आडव्या बसणाऱ्या फ्रेम होत्या, लाकडी पट्ट्या, दोरा, लहान कप्प्या होत्या आणि या सर्वांच्या वर घडी घालून ठेवलेला नकाशा, म्हणजे नौकेचा मापांसह आराखडा, होता. तुम्हाला वाटते मी झेंडा निवडला. मी तो नकाशा निवडला.

नकाशाचे एवढे महत्त्व का, हे ज्याने पट्ट्या बसवल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. नौकेच्या मध्यभागी काठापासून कण्यापर्यंतचा घेर मोठा असतो आणि नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, तो पुष्कळ कमी होतो. समजा, मधल्या फ्रेमवर पाच मिलिमीटर रुंदीच्या वीस पट्ट्या बसतात आणि नाळेजवळ त्याच विसांना साठ मिलिमीटरच जागा आहे. तर प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला तीन मिलिमीटरपर्यंत निमुळती करत न्यावी लागते. निम्म्याहून अधिक निमुळती केली तर टोक कमजोर होते, म्हणून अशा ठिकाणी दोन पट्ट्या मध्येच थांबवून त्यांच्या जागी एकच पुढे नेतात. मागच्या बाजूला याच्या उलट घडते, पट्ट्यांमध्ये फट पडते आणि तिथे पाचरीच्या आकाराचा तुकडा घालावा लागतो. पट्टी गरम पाण्यात भिजवून सपाट बाजूने वाकवता येते, पण कडेवर वळवायला गेलात तर ती पिळवटते आणि फ्रेमवरून उठते. हे सगळे ठरते फ्रेमच्या आकारावरून. फ्रेम कुठे किती रुंद आहे आणि तिचे पोट कोणत्या उंचीवर सर्वांत जास्त फुगते, हे नेमके ठाऊक नसेल तर पट्टीला बसायला जागाच नसते. १:६४ प्रमाणात माझ्या हातून एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर खऱ्या नौकेत तो सहा सेंटिमीटरहून जास्त होतो.

आता गुराबेविषयी आपल्याकडे काय आहे ते पाहा. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इतिहासकाराने केलेले वर्णन सर्वांत तपशीलवार आहे. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब दीडशे टनांच्या आतली, तीन काठ्यांची सुमारे तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, पाण्यात खोली कमी, पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब बाहेर आलेली निमुळती नाळ, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या, नऊ किंवा बारा पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या दोन तोफा. वाचताना नौका डोळ्यांपुढे उभी राहते. पण यातून मला एका फ्रेमचाही आकार कापता येत नाही. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर नौकांच्या लढाईची शिल्पे आहेत. ती शिवकालाच्या कित्येक शतके आधीची आहेत, आणि त्यांतही नौका बाजूनेच दिसते. बाजूच्या चित्रावरून आडवा छेद काढता येत नाही. प्रत्यक्ष नौका म्हणाल, तर फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. आपल्या मेस्त्रींनी कागदावर रेषा काढून नौका बांधल्या नाहीत, नजरेने आणि हाताने बांधल्या. ही त्यांची थोरवीच होती, पण त्यामुळे त्यांच्याबरोबर ते ज्ञानही गेले.

एवढे सांगितल्यावर तुम्ही म्हणाल की थोडा अंदाज करायला काय हरकत होती. मी तो केला होता. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, कारण ती गुराब आता नाही.

आमच्या भागातल्या एका मंडळाला शिवजयंतीच्या प्रदर्शनासाठी गुराबेची प्रतिकृती हवी होती. कटरचे काम नुकतेच संपले होते, हातात उत्साह होता, आणि तुमचा प्रश्न तेव्हाही कानांत होताच. मी वर्णनांवरून रेषा काढल्या, प्लायच्या फ्रेम कापल्या. पट्ट्यांसाठी आधी साग घेतला, पण सागाच्या लाकडातल्या रेषा लहान प्रतिकृतीवर फार ठळक दिसतात आणि तेलकटपणामुळे गोंदही नीट धरत नाही, म्हणून शिवणीचे लाकूड चिरून घेतले. नाळेकडच्या पट्ट्या इतक्या सुरेख वळल्या, की कटरचे काम मला त्यापुढे कोरडे वाटू लागले. अर्धी बाजू झाल्यावर ती घेऊन मी अलिबागच्या बाजूला एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर मचवे आणि होड्या बांधल्या होत्या.

त्यांनी ती मांडीवर घेतली, उलटी केली, कण्यावर एक डोळा मिटून नजर लावली आणि विचारले, “हिचं पाणी कुठवर?” मी पेन्सिलीची रेघ दाखवली.

“भार काय आहे आत?”

“तोफा.”

“किती? नि कुठं?”

मी पुढच्या दोन तोफांचे सांगितले. त्यांनी नाळेच्या दोन्ही बाजूंनी आंगठा आणि तर्जनी फिरवली, तिथेच थांबले आणि म्हणाले, “एवढा भार पुढं, नि नाळ एवढी बारीक. मग हिला उचलून धरणार कोण? पोट पुढं आणायला हवं. किती आणायचं ते बांधणाऱ्याला ठाऊक.” मग तिसऱ्या फ्रेमवर नख ठेवून त्यांनी विचारले, “हा वाक कुठनं घेतलात?”

“अंदाजाने.”

“मग ही तुमची होडी,” ते म्हणाले. “चांगली आहे.”

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी पट्ट्यांच्या सांध्यांची स्तुती केली, चहा पाजला, आणि नौका परत माझ्या हातात देताना ती दोन्ही हातांनी दिली. त्यांच्याच शब्दांवर मी पुढे काम पूर्ण केले, पोट थोडे पुढे घेतले, आणि मंडळाला एक अट घातली, की पाटीवर ‘वर्णनांवरून कल्पिलेली गुराब’ असे लिहावे. मंडळाने छापून आणलेल्या पाटीवर ‘शिवकालीन गुराब, हुबेहूब प्रतिकृती’ असे होते. मी सांगितले की ज्या वर्णनावर मी विसंबलो ते आंग्र्यांच्या काळातले आहे, महाराजांच्या निधनानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनंतरचे आहे. कार्यकर्ता विशीतला, मनाने सरळ मुलगा होता. तो म्हणाला, “काका, कल्पिलेली लिहिलं तर पोरं म्हणतील, आपलं सगळं कल्पितच आहे.”

त्याच्या या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही पूर्ण उत्तर नाही. मी नौका घरी आणली. काही दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले, ब्रशने सांध्यांवर लावले, गोंद मऊ झाला की पातळ पात्याने एकेक पट्टी सोडवली. नाळेकडून सुरुवात केली, कारण तोच भाग मला सर्वांत प्रिय होता आणि तोच सर्वांत निराधार होता. पट्ट्या सुटल्या तरी त्यांची वळणे तशीच राहिली; टेबलावर ठेवल्या तर टोके वर उचललेली. पत्नीने दारातून पाहिले आणि काही न विचारता ती आत गेली. त्या रात्री मी मंडळावर रागावलेलो होतो, हे लपवत नाही. केवळ तत्त्वासाठी मी ते केले असे म्हटले तर ते खरे होणार नाही.

आणि त्याआधीचा मी, ज्याने ती गुराब हौसेने आखली, तो अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, कटर तरी कुठे खरा आहे? ‘लेडी नेल्सन’चा संचही एका नेमक्या नौकेचा नाही, त्या काळच्या कटरांचे ते सर्वसाधारण रूप आहे. मी त्याला म्हणतो, त्या काळच्या कटरांचे मूळ आराखडे इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आजही आहेत, सर्वसाधारण रूपाला आधार आहे. तो म्हणतो, मग ऑलिंपियास? प्राचीन ग्रीकांच्या तीन ओळी वल्ह्यांच्या युद्धनौकेचा एकही सांगाडा सापडलेला नसताना अभ्यासकांनी आणि नौकाबांधणी जाणणाऱ्यांनी मिळून ती आखली, १९८७ मध्ये ती ग्रीक आरमारात दाखल झाली. इथे तो मला निरुत्तर करतो. मी एवढेच म्हणू शकतो, की ऑलिंपियास माणसे बसवून समुद्रात वल्हवून पाहिली गेली, अंदाज खरा की खोटा हे पाण्याने सांगितले. माझी गुराब फक्त काचेत उभी राहणार होती. पण आपल्याकडेही असे कुणी करावे, असे मला फार मनापासून वाटते, आणि ते झाले तर सर्वांत आधी तिचे आराखडे मागणारा मी असेन.

काही जण मला सुचवतात की मग मुंबईत बांधलेली नौका तरी घ्या. त्रिंकोमाली ही जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची बांधलेली फ्रिगेट जातीची युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे आराखडे ‘जावा’ या जहाजावरून मुंबईला येत होते; डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज ब्राझीलजवळ जिंकले आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. वाडियांसारख्यांनाही त्या जातीची फ्रिगेट बांधायला कागद लागला, तर मला लागतो यात कमीपणा कसला? पण तीन डोलकाठ्यांच्या फ्रिगेटचा दोरखंड नवशिक्याच्या आवाक्यातला नाही. शिवाय ती बांधली तरी तिच्यावर इंग्रजांचाच झेंडा असेल आणि तुमचा प्रश्न जागेवरच राहील.

सध्या मी वेगळेच काम हाती घेतले आहे. त्या मेस्त्रींच्या ओळखीने किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक जुनी लाकडी होडी मला मोजायला मिळाली आहे. मालकाने फायबरची घेतली आहे, ही लवकरच मोडीत जाईल. कण्याला समांतर दोरी ताणायची, ठरावीक अंतरांवर ओळंबा सोडायचा आणि प्रत्येक ठिकाणी दोरीपासून फळीपर्यंतचे माप घ्यायचे. त्यातून आडवे छेद कागदावर उतरतात. नाळेकडचा भाग झाला आहे, मागचा राहिला आहे, कारण होडी त्या बाजूला वाळूत रुतलेली आहे आणि ती उकरायला मालकाची परवानगी घ्यायची आहे. ती होडी कुठल्याही लढाईत नव्हती, तिच्यावर तोफ नव्हती, मासे होते. प्रतिकृती पूर्ण झाल्यावर तुम्ही पुन्हा विचाराल, “होडी कशाला? गुराब का नाही?”, आणि तेव्हाही माझ्याकडे गुराबेच्या एका फ्रेमचा आकार असेलच, असे आज सांगता येत नाही.