कमानीची पीयू पट्टी: पहाटे उघडणारा सांधा आणि सागवानी ठोकळा

वरांड्यातल्या कमानीचा डावीकडचा सांधा उघडलाच. मागच्या नोंदीत पॉलिशच्या शेवटच्या हाताचा फोटो टाकला होता, त्यावर 'पेढे कधी?' म्हणून विचारणाऱ्यांनी जरा दम धरावा. कमानीच्या गोलाईवर बसवलेली पीयू (पॉलियुरेथेनची, रबरासारखी वळणारी) पट्टी जिथे सागवानी उभ्या पट्टीवर टेकते, तिथे भल्या पहाटे एक फिकट रेघ दिसते. नख जातं तिच्यात. गॅरेजवाल्या मित्राकडून टॅपेटचं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) आणलं, तर ०.८ मिमीची पाती अलगद सरकली. उजवीकडे ०.५ ची गेली. आणि दुपारी तीनला घरच्यांना दाखवायला नेलं तर काहीच नाही! गेजमधली सगळ्यात पातळ पातीसुद्धा आत जाईना. घरात माझी यथेच्छ चेष्टा झाली.

मापं विसरला असाल तर पुन्हा देतो. गाळा, म्हणजे कमानीची आडवी रुंदी, ४८ इंच; उठाव, म्हणजे गोलाईची मधली उंची, १२ इंच. गाळ्याच्या वर्गाला उठावाच्या आठपटीने भागायचं, त्यात निम्मा उठाव मिळवायचा, की त्रिज्या येते: २४ अधिक ६, म्हणजे ३० इंच. पट्टी ३ इंच रुंद. आतल्या कडेची लांबी साधारण ५५.६ इंच भरते, बाहेरच्या कडेची ६१.२. एकाच पट्टीच्या दोन कडांमध्ये साडेपाच इंचांचा फरक. म्हणूनच 'कशीही वाकवा, वाकते' म्हणत पहिल्या दुकानदाराने गळ्यात मारलेली सरळ पट्टी भिंतीवर पिळून उभी राहिली होती, ते तुम्ही पाहिलंच आहे. पट्टी जाडीच्या बाजूने हवी तशी वळते, रुंदीच्या बाजूने वळत नाही. कमानीसाठी ती त्या त्रिज्येच्या साच्यातच ओतून घ्यावी लागते. दुसऱ्या पुरवठादाराने तशी दिली, आणि गोलाईबद्दल माझी त्याच्याविषयी काडीची तक्रार नाही. पार्सलमध्ये मात्र त्याने ती गुंडाळून कोंबली होती. शहाबादी फरशीवर पसरून, वर विटा ठेवून तिचा पीळ काढावा लागला.

तर सांधा. आधी संशय गोंदावर गेला, मग भिंतीवर. आमच्याकडे भिंत विटांची, वर प्लास्टर. परदेशी व्हिडिओत ते लोक पट्टी धरतात आणि गनने ठक ठक पिना मारतात, कारण त्यांच्या भिंतीत लाकडाचा सांगाडा असतो. आपल्या प्लास्टरवर पिन एक तर वाकते नाही तर प्लास्टर उडवते. म्हणून मी मागे त्याच त्रिज्येच्या फर्म्याने (नमुन्याने) कापलेली ६ मिमी प्लायची कमान गिट्ट्या (भिंतीत ठोकायचे प्लग) आणि स्क्रूने बसवली होती, आणि पट्टी तिच्यावर पीयू गोंद व पिना अशा दोन्हींनी. ती प्लाय तसूभर हललेली नाही. टिचकी मारून पाहिलं, कुठेही पोकळ वाजत नाही.

मग उरलेला मीटरभर तुकडा घेतला. त्यावर ब्लेडने दोन खुणा केल्या आणि कमानीच्याच बाजूला, वरांड्यात, खिळ्याला टांगून ठेवला. आमचा वरांडा पश्चिमेला आहे. फाल्गुन-चैत्रात लातूरचं ऊन दुपारी थेट कमानीवर येतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने पट्टी पहाटे १९ अंश दाखवायची, दुपारी ३८. स्टीलच्या पट्टीने खुणांमधलं अंतर मोजलं, तर दुपारी ते जवळपास दोन मिलिमीटरने जास्त भरलं. मीटरला दोन! शेजारचं सागवान लांबीच्या दिशेने उन्हाने जवळजवळ वाढतच नाही. कमानीची पट्टी जवळपास दीड मीटर आहे. मोकळी असती तर तीन मिलिमीटरच्या आसपास खेळली असती. गोंदाने तिला निम्म्याहून जास्त रोखलंय. उरलेलं ०.८ आणि ०.५ टोकांना बाहेर पडतंय.

आणि बसवली होती ती दुपारी, कारण पिनांच्या गनचा कंप्रेसर चालवायला लाईट दुपारीच होती. म्हणजे पट्टी पूर्ण फुगलेली असताना आम्ही तिला सांध्याला सांधा लावून चिकटवलं. रात्री ती आकसणार नाही तर काय करणार? मिस्त्रीमामांना आकडे दाखवले तर ते गेजकडे न बघताच म्हणाले, "भाऊ, रबराला लाकडासारखं धरू लागलाव तुमी. ते दिवसा वेगळं, रातीला वेगळं."

सांध्यात लांबी (सुतार फटीत भरतात ते लुकण) भरून बघा, असा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता. उजवीकडे भरली. दुपारी पट्टीने ती दाबून बाहेर ढकलली आणि दुसऱ्या पहाटे तिचा भुगा फरशीवर. वॉल पुट्टीचंही तेच होईल, दोन्ही कडक. सिलिकॉनचा प्रश्नच नाही, त्याच्यावर रंग धरत नाही. रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट भरलं, ते मात्र ताणतं आणि दबतं, तडकलं नाही. कमान पांढरी रंगवायची असती तर विषय तिथेच संपला होता. पण माझी कमान सागवानी दिसायला हवी, आणि सीलंटवर सागाचा रंग चढवला की मधोमध चॉकलेटी चिकटपट्टी लावल्यासारखं दिसतं.

पट्टी बनवणारे सांगतात की ती थोडी लांब कापा, दोन्ही टोकं आधी टेकवा, मधला फुगवटा दाबून बसवा; म्हणजे ती कायम दाबाखाली राहते आणि सांधा उघडत नाही. तत्त्व बरोबर आहे आणि पुढची, देवघराची कमान मी तशीच बसवणार, तीही पहाटे, पट्टी आकसलेली असताना. पण ही चिकटून बसलीय. पीयू गोंद पक्का झाल्यावर पट्टी काढायची म्हणजे ती फाडायचीच. मिस्त्री लोकांचा आवडता रबरी गोंद वापरला असता तर निघाली असती, असं कोणी म्हणेल. खरं आहे, फक्त चैत्रात ती आपण होऊनच निघाली असती. तो गोंद उन्हात मऊ पडून सरकतो. पांढरा गोंद लाकडाला धरतो, पीयूला धरत नाही. मी पीयू गोंदावरच ठाम आहे.

मग लक्ष गेलं सागवानी उभ्या पट्ट्यांकडे. त्या स्क्रूवर आहेत, काढता येतात. जुन्या वाड्यांच्या दगडी कमानी आठवा: कमान खांबातून तशीच वर निघत नाही, खांबाच्या डोक्यावर पुढे आलेला एक दगड असतो, तिथून ती सुरू होते. मग माझीही कमान ठोकळ्यातून का निघू नये? ठोकळा पट्टीपेक्षा जाड ठेवायचा, त्याच्या वरच्या अंगाला खाच पाडायची आणि पट्टीचं टोक त्या खाचेत सहा मिमी आत घ्यायचं. खाचेत गोंद नाही, लांबी नाही, काही नाही. पट्टीने आत जाऊन हवं ते करावं, बघणाऱ्याला फक्त ठोकळ्याची कड आणि तिची सावली दिसेल.

डावी उभी पट्टी वरून चार इंच कापली, भंगारातल्या देवदाराचा कच्चा ठोकळा करून बसवला. खाच पटाशीने पाडली. राउटरने (लाकडात खाच पाडायच्या मशीनने) झटकन झाली असती, पण वाकड्या टोकाला बरोबर बसणारा उतार पटाशीनेच येतो. तेव्हापासून पहाटेही बघतोय आणि दुपारीही. रेघ नाही! टॉर्च तिरकी धरून बघितलं तरी नाही. मिस्त्रीमामांनी मान डोलावली, आणि त्यांची मान सहसा डोलत नाही. सागवानाचे दोन ठोकळे आता कापायला घेतलेत.

लिहिता लिहिताच सुचलं की ठोकळे असणारच असतील तर देवघराच्या कमानीला फक्त माथ्याजवळ गोंद लावावा आणि दोन्ही टोकं मोकळी सोडावीत. पण ते नको. मोकळं टोक भिंतीपासून सुटून पुढे येतं, आणि देवघर आत आहे, तिथे ऊन येत नाही. चढउतार बराच कमी. पूर्ण गोंद, पहाटेची वेळ, किंचित जास्त लांबी आणि वर ठोकळा.

रंगाबद्दल थोडं, कारण त्यावर बरेच प्रश्न आलेत. पीयू काही शोषत नाही, त्यामुळे लाकडाला लावतात तो पातळ स्टेन त्यावर ओघळतो. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर आधी पॉलिशवाल्यांच्या स्पिरिटने पुसा. थिनरच्या वाटेला जाऊ नका, पृष्ठभाग मऊ पडू शकतो. मग हलका बदामी ॲक्रिलिक बेस. जेल स्टेन (दाट, न ओघळणारा) लातुरात मला मिळाला नाही, म्हणून चित्रकलेच्या तैलरंगांच्या ट्यूब घेतल्या, बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर. त्या व्हार्निशमध्ये कालवून जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढल्या. ब्रश गोलाईच्याच दिशेने फिरवायचा, मध्ये उचलायचा नाही. वरून मॅट. सुतारी दुकानवाल्या काकांनी हात फिरवून 'एवढा रुंद साग कुठून वाकवला?' असं विचारलं, तेव्हा मी मुद्दामच जरा वेळाने उत्तर दिलं.

राहिला वरांड्याचा गोल खांब. त्याला पायाशी फ्लेक्सिबल स्कर्टिंग लावायचं जाहीर केलं होतं. तिथे पट्टी जाडीच्या बाजूनेच वळते, म्हणजे सोपं काम: १५ मिमी जाडीला बाहेरचा घेर आतल्यापेक्षा ९४ मिमी जास्त, आणि तेवढं ती ताणते. एकच सांधा, तिरका कापून मागे लपवायचा. पण हे सगळं मोजून झाल्यावर तो बेत रद्द केलाय. तिथे ऊन कमानीपेक्षाही जास्त, आणि खांबाला ठोकळा लावून सांधा लपवता येत नाही. त्याऐवजी पत्र्याचा फर्मा कापून खांबाभोवती फिरवायचा आणि चुना-सिमेंटच्या गिलाव्यातच गोल घडवायचा. बीबी का मकबऱ्यात संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे, मधलं बरंचसं काम घोटलेल्या गिलाव्याचं आहे. सतराव्या शतकापासून संभाजीनगरचं ऊन खातंय. फर्मा फिरवताना खांबाला धरून राहणारी कडी कशी करायची, हे कोणी केलं असेल तर फोटो टाका.

ठोकळ्याची उंची चार इंच ठेवू की पाच, तेही सांगा. चारचा जरा बुटका वाटतोय. देवघराच्या कमानीचा पुठ्ठ्याचा फर्मा कापून झालाय, उद्या पुरवठादाराला कुरिअरने जाईल. त्रिज्या या वेळी फोनवर सांगणार नाही. आतली कड कोणती ते पुठ्ठ्यावरच मार्करने लिहिलंय, आणि पार्सल गुंडाळू नका हेही.