दगड बुडना का?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी खानदेशातल्या कोणत्याही घरात डोकावले, तर माणसे एक तर घोरत पडलेली दिसतात किंवा पत्ते कुटत बसलेली दिसतात. पोटात पुरणपोळी आणि आमरस, बाहेर ४५ अंशांकडे निघालेले ऊन, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने आणखी करावे तरी काय? मी मात्र गेली अनेक वर्षे त्या दुपारी डोक्याला उपरणे गुंडाळून मेहरूण तलावाच्या काठी जाऊन येतो. कोणी विचारलेच, तर जेवण अंगावर आले आहे, असे सांगतो. भर दुपारी बारा ते चारच्या दरम्यान शतपावली करणारा माणूस जळगावात दुसरा नसावा, आणि ते सांगणे घरात कोणालाही पटत नसावे. पण सणाच्या दिवशी उलटतपासणी करण्याइतके जागे कोणीच नसते.

यंदाही गेलो. पाणी बरेच मागे सरकले होते आणि आमच्या गल्लीच्या टोकासमोरचा काळा दगड बुडापर्यंत उघडा पडला होता.

या दगडाविषयी सांगितले पाहिजे. बसलेल्या म्हशीच्या आकाराचा, पाठीवर मध्येच एक खोलगट खळगा असलेला हा दगड आमच्या गल्लीचे पर्जन्यमापक आहे. मृग कोरडा गेला की लोक आभाळाकडे पाहतात, पण पाऊस एकदाचा लागला, अंबरझऱ्याच्या बाजूने पाणी उतरू लागले, की आभाळाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. दूधवाला, किराणा दुकानदार, सायकलवरून कंपनीत निघालेला कामगार, जो भेटेल तो एकच विचारतो, "दगड बुडना का?" किती मिलिमीटर पाऊस झाला, याच्याशी आम्हाला कर्तव्य नसते. खळग्यात पाणी साचले म्हणजे पाऊस बरा, पाठ दिसेनाशी झाली म्हणजे पाऊस चांगला, आणि दगड नेमका कोठे होता यावर दोन माणसांत वाद झाला म्हणजे त्या वर्षी काळजी नाही. आता शहराला पिण्याचे पाणी वाघूर धरणातून येते, त्यामुळे दगड बुडाला काय आणि न बुडाला काय, नळाला काही फरक पडत नाही. तरीही विचारणे थांबलेले नाही.

माझी पत्नी धुळ्याची. तिला आमच्या या दगडाचे कौतुक मुळीच नाही. नकाणे तलावाचे पाणी पाहिलेल्या माणसाला तुमचे हे डबके काय दाखवता, असे ती पाहुण्यांसमोर बोलून दाखवते. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. ती वाटणी आमच्या स्वयंपाकघरात अजून चालू आहे.

तर मी दगडाजवळ उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे त्याच्या बुडाशी वाकून पाहू लागलो. उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा काठ म्हणजे वस्तीची वर्षभराची उसनवारी असते. चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या असतात आणि त्या खपल्यांतून लोकांनी पाण्याला दिलेले काय काय वर येते. एका पायाची प्लास्टिकची चप्पल, नारळाची शेंडी, बांगड्यांचे तुकडे, पतंगाची कामटी, प्लास्टरच्या गणपतीच्या मुकुटाचा एक सोनेरी कंगोरा. शाडूचे गणपती आणि मुलींनी बसवलेली मातीची गुलाबाई मात्र वर येत नाहीत, त्या दिल्या तशा पोहोचतात. मला यातले काहीच नको होते. मी एक पितळी तांब्या शोधत होतो, आणि तो मी चौथीत असल्यापासून शोधतो आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशाची देवी, कानबाई, बसते. त्याच्या आधी आठ दिवस घराची जी झाडलोट होते तिच्यापुढे दिवाळीची झाडलोट म्हणजे नुसता केर काढणे. भाऊबंदकी गोळा होते. वर्षभर एकमेकांच्या बांधावरून भांडलेले चुलते एकाच जात्याच्या घरघरीत मुकाट्याने बसलेले असतात, कारण रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घ्यायचे असतात आणि त्या मोजणीत कोणालाही गाळता येत नाही. माझ्या नावाची मूठ घालताना आजी नेहमी हात थोडा सैल सोडत असे, असा माझा समज होता. माझ्या चुलतभावाचाही स्वतःविषयी तोच समज होता, हे पुढे कळले. रात्री गाणी, जागरण, गंगाफळाची भाजी, आणि सोमवारी सकाळी नथ घालून सजलेल्या कानबाईला डोक्यावर घेऊन बायका तलावाकडे निघत. वाटेत दर दारापुढे थांबा. कोणी पायांवर पाणी घाली, कोणी ओटी भरी, मध्येच दोघी पदर खोचून फुगडी धरीत आणि मिरवणूक अर्धा तास जागची हलत नसे.

त्या वर्षी पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला होता. तो आईचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती माहेरी गेली, तेव्हा तिच्या वडिलांनी तो घेऊन दिला होता आणि दारावर आलेल्या नाव घालणाऱ्याकडून त्यावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे नाव घालून घेतले होते. नाव घालणाऱ्याने तिच्या नावातला एक काना खाल्ला होता. त्यामुळे घरात पितळी तांबे चार असले, तरी अंधारातही बोट फिरवून तो ओळखता येई.

काठावर आरती सुरू झाली. मोठी माणसे पाण्यात गुडघाभर उतरली. मी दगडावर चढलो. पाणी दगडाच्या खळग्याखाली वीतभर होते आणि त्यात बोटाएवढ्या मासोळ्या अशा काही निवांत फिरत होत्या, की हातातल्या तांब्याचा दुसरा उपयोग मला तत्काळ सुचला. पहिल्या खेपेला पाणी आले. दुसऱ्या खेपेला एक मासोळी अगदी तांब्याच्या तोंडाशी येऊन थांबली, मी आणखी वाकलो, काठाला धरलेली बोटे ओली होती. तांब्याने बुडताना आवाज केला, तो अजून कानात आहे; पाहुण्याने एका घोटात पाणी प्यावे तसा, गडगड, आणि मग काही नाही.

रात्री भांडी मोजली गेली. "तांब्या कोठे शे रे?" आईने विचारले. मी म्हणालो, "काकूले दिना व्हता."

हे उत्तर मला का सुचले, ते मी आजही सांगू शकत नाही. काकू तेव्हा ओसरीवर पोरांना थोपटत होती आणि तिला या संभाषणाचा पत्ताही नव्हता. आईनेही तिला विचारले नाही. विचारले असते, तर प्रकरण त्याच रात्री मिटून मला दोन धपाटे बसले असते. पण न विचारता मनात ठेवण्याची कला आमच्या भाऊबंदकीत पिढीजात आहे. पुढची कित्येक वर्षे आई काकूच्या घरी गेली, की तिची नजर पाण्याच्या माठाकडे आणि मग मांडणीकडे जाई. काकूला वाटे, जाऊ आपली मांडणी पाहून जळते, आणि ती आणखी भांडी घासूनपुसून लावी. काकूची मांडणी गल्लीत नावाजलेली होती, त्याचे थोडे श्रेय माझ्याकडे येते.

दर उन्हाळ्यात मी दगडाजवळ जाऊ लागलो, ते तेव्हापासून. तांब्या सापडला असता, तर तो गुपचूप घरी आणून कोठल्या तरी फडताळामागे ठेवायचा आणि मग आपणच शोधून काढायचा, असा बेत होता. तो कधी सापडला नाही. तलावातील गाळ मध्यंतरी काढला गेला, तेव्हा तो कोणाच्या शेतात जाऊन पडला असेल, किंवा एखाद्या पोराने तो केव्हाच मोडीत घालून कुल्फी खाल्ली असेल. शोधणे मात्र अंगवळणी पडले, आणि त्या निमित्ताने काठावरचे बाकीचे वर्षही पाहून झाले. पोळ्याला पूर्वी तलावात बैल धूत असत. आता बैलच मोजके उरले आहेत. गुलाबाईचा महिना आला, की गल्लीतल्या मुली घरोघर खिरापत ओळखायला लावत, आणि झाकलेल्या डब्याचा वास घेऊन बिनचूक ओळखणारा मी एकमेव मुलगा असल्यामुळे मला हाकलून देण्यात येई. कार्तिकात छटपूजेला उत्तर भारतीय कुटुंबे उसाच्या मोळ्या घेऊन काठावर येतात. औद्योगिक वसाहतीत चटईच्या आणि डाळीच्या कारखान्यांत राबणारी ही माणसे मावळत्या सूर्यासमोर पाण्यात उभी राहतात आणि पहाटे उगवत्या सूर्यासाठी परत येतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला एकदा हिंदीत विचारले होते, की तो पत्थर डूबला आहे का. म्हणजे त्यालाही गल्लीचे पाणी लागले होते.

हिवाळ्याचे काय सांगावे! थंडी पडली, वारकरी आणि टिबुकल्या ही पाखरे पाण्यावर दिसू लागली, दुर्बिणी लावलेले पक्षिमित्र पहाटे दिसू लागले, की समजावे, आता भरीत. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला सुटते. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात बामणोदची पांढरट हिरवी वांगी उभी भाजून, साल काढून, लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची. त्यात कांद्याची पात, शेंगदाणे आणि न मोजता ओतलेले तेल. सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते चांगलेच झाले. पण वांगे गॅसवर भाजून त्याला भरीत म्हणणाऱ्यांवर त्या मानांकनात काही कलम आहे का, याची चौकशी कोणीतरी करायला हवी. मेहरूणच्या बोरांविषयी बोलावे तितके थोडे, आणि खरे तर आता बोलण्याखेरीज फारसे उरलेलेही नाही. बोरीच्या बागा होत्या तेथे वसाहती झाल्या. ज्या इमारतीच्या नावात ‘लेक’ हा शब्द आहे, तिच्या खिडकीतून तलाव सहसा दिसत नाही, हे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. हातगाडीवरच्या बोरांच्या ढिगाला विक्रेता अजून ‘मेहरूणनी बोरं’ म्हणतो आणि आपणही मान डोलावून घेतो.

तांब्याची कबुली मी आईजवळ दिली, ती माझ्या लग्नानंतर. तेव्हा काकू आजारी होती आणि आई तिला पाहायला निघाली होती. उंबऱ्यात चप्पल घालताना मी सगळे सांगून टाकले; मासोळी, दगड, खोटे उत्तर. आई चप्पल तशीच अर्धी घालून उभी राहिली. मला वाटले, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "जाऊ दे. पानीले बी तीस लागस." पाण्यालाही तहान लागते म्हणे. मग दोन पावले जाऊन परत आली आणि दटावून म्हणाली, हे काकूला सांगायचे नाही. इतकी वर्षे आपण तिच्या मांडणीकडे कशासाठी पाहत होतो, हे तिला कळले तर तोंड कोठे लपवायचे? मी सांगितले नाही. काकू गेली, तिची मांडणी वाटणीत तीन घरांत गेली. त्या भांड्यांत तो तांब्या नाही ना, हे पाहण्यासाठी आईने वाटणीच्या दिवशीही एकदा सवयीने मान वळवली होती, हे मी पाहिले आहे.

यंदा दगडाच्या बुडाशी काहीतरी चमकत होते. वाकून खपली उचलली, तर मोटारसायकलचा फुटका आरसा निघाला. त्यात माझे उपरणे गुंडाळलेले डोके आणि मागचे पांढरेफटक आभाळ दिसले. आरसा होता तेथे ठेवला आणि परत फिरलो. वाटेत लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर माहेरी आलेल्या दोन मुली उन्हाची पर्वा न करता झोके घेत होत्या. खाली उभी असलेली तिसरी, आपली पाळी केव्हा येणार, म्हणून कुरकुरत होती. चौकातल्या ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगला होता. कोणीतरी हाक मारून विचारले, "काय भो, दगड कितला उघडा पडना?" मी हाताने बुडापर्यंतची खूण केली.

घरी सगळे निजले होते. देवघराशेजारी पितरांच्या नावाने सकाळी पुजलेल्या घागरी होत्या. दर आखाजीला एक असते, वडिलांची. यंदा दोन होत्या. सकाळी आगारी, म्हणजे पितरांचा घास, विस्तवावर टाकताना हे फारसे जाणवले नाही, कारण आमरसासाठी मुले मागे लागली होती, पाटावर जागा पुरत नव्हती आणि दुसऱ्या घागरीवर ठेवलेले डांगर सारखे एका बाजूला कलत होते. आता मी ते डांगर दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवले. घागरीखालचा गहू भिजला होता. नवी माती पाणी पिते, हे ठाऊक असते; तरी सकाळी मी काठोकाठ भरलेले पाणी चार बोटे खाली गेलेले दिसले. माठाजवळ स्टीलचा तांब्या होता. त्याने दोनदा पाणी ओतून घागर पुन्हा भरली, डांगर जागेवर ठेवले, ते कलू नये म्हणून त्याच्याखाली फडक्याची चुंबळ सारली, आणि पत्नी जागी होऊन कोठे गेला होता म्हणून विचारते की काय, याची वाट पाहत तेथेच जमिनीवर थोडा वेळ बसलो.