बुलफाइटला दांडी

गल्लीत पोरं खेळायला उतरली की कुणाची काच फुटणार, एवढीच काय ती आपल्याला बॅटीची धास्ती. क्यूबातल्या स्पॅनिश सरकारला मात्र बॅटीत बंड दिसायचं.

१८६४ साली नेमेसिओ गिलो नावाचा मुलगा अमेरिकेतल्या अलाबामात शिकून हवानाला परतला, तो सामानात बेसबॉलची बॅट आणि चेंडू घेऊन. चार वर्षांत स्पेनविरुद्ध लढाई पेटली आणि सरकारने बेसबॉलवर बंदीच घातली. सरकारचं तरी काय चुकलं म्हणा! मायदेशाहून आलेला खानदानी तमाशा म्हणजे बुलफाइट. आणि ही कार्टी तिकडे न फिरकता शेजारच्या अमेरिकेच्या खेळात रंगलेली. घोषणा नाही, पत्रक नाही, नुसतं भलत्याच मैदानावर जाऊन बसायचं. निषेधाचा हा प्रकार मला भारी आवडतो. माझ्यासारख्या आळशालाही जमेल असा.

पण एमिलिओ साबोरिनला तो महागात पडला. हवाना बेसबॉल क्लबचा हा खेळाडू १८७८च्या पहिल्या क्यूबन लीगच्या संस्थापकांपैकी एक. १८९५ला पुन्हा युद्ध पेटल्यावर त्याला पकडून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सेउटाच्या तुरुंगात धाडलं. १८९७ साली तो तिथेच वारला. त्याच साली इकडे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला होता.

पुढच्याच वर्षी स्पेन हटला आणि अमेरिकन आले. आता पंचाईत! ज्यांचा खेळ, तेच उरावर. मग क्यूबन लोकांनी आपल्याकडचाच मार्ग धरला: साहेबाला साहेबाच्या खेळात हरवायचं. १९०६ला मुंबईत क्रिकेटमध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात बाळू पालवणकर होते. पुण्याच्या मैदानावर ज्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे, तेच. हवानातला बाळू म्हणजे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होसे मेंडेस. रंगाने काळा, म्हणून अमेरिकेच्या मोठ्या लीगची दारं बंद. नोव्हेंबर १९०८मध्ये त्याच मोठ्या लीगमधला सिनसिनाटी रेड्सचा संघ हवानात आला, तेव्हा क्यूबाचा कारभार अमेरिकन गव्हर्नरच पाहत होता. मेंडेसच्या अल्मेंदारेस क्लबने सामना १-० असा जिंकला. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत रेड्सना एक हिट, म्हणजे चेंडू टोलवून पहिला बेस गाठणं, जमेना. मिळाली तीही इन्फिल्डबाहेर, म्हणजे बेसजवळच्या आतल्या मैदानाबाहेर, न गेलेली. त्या दौऱ्यात मेंडेसने त्यांना एकूण २५ इनिंग टाकल्या. धावा शून्य.