कुत्र्यांची गाडी आणि ताईंची स्कूटर

मुंबईकर आणि त्यांची कुत्री या विषयावरच्या एका माहितीपटाचं साउंड रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. त्या दिवशीच्या कॉलशीटवर, म्हणजे शूटिंगच्या वेळापत्रकावर, दोनच कामं होती. दादर पूर्वेच्या एका गल्लीत ताई पहाटे कुत्र्यांना खायला घालतात ते, आणि त्यानंतर निर्बीजीकरणासाठी कुत्री न्यायला येणारी गाडी.

कुत्र्यांच्या शूटिंगमध्ये पहिली पंचाईत होते ती बूमची, म्हणजे लांब काठीवरच्या माइकची. वारा अडवायला माइकवर जे केसाळ आवरण चढवतात, ते कुत्र्याला काठीच्या टोकाला लटकलेलं जनावर वाटतं. कोणी भुंकतं, कोणी उडी मारून ओढतं. आणि गल्लीतल्या कुत्र्याला काठी काय असते हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून फर काढून साधा फोम लावला आणि माइक फूटभर उंचीच्या स्टँडवर, कुंडीच्या आड ठेवला. ८० हर्ट्झचा लो-कट दिला, म्हणजे त्याखालचे खर्जातले आवाज कापले, की सोसायटीच्या पंपाची घरघर बरीच दबते. कुत्र्याच्या पट्ट्यालाच लेपल माइक (कपड्याला अडकवायचा चिमुकला माइक) लावा, अशी सूचना अशा प्रत्येक शूटला कोणीतरी करतंच. त्यातून केसांची खरखर आणि कान फडफडवल्याचा फटफटाट मिळतो, दुसरं काही नाही. लेपल ताईंच्या कुर्त्याच्या गळ्याशी लावला. ओढणीला लावला असता तर वाकताना घासला असता.

कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, पंधरा फुटांवर, लांब लेन्स लावून. तोंडासमोर धरलेली मोठी लेन्स म्हणजे कुत्र्याच्या लेखी रोखलेला डोळा, आणि रोखून बघणं म्हणजे आव्हान. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, नाहीतर ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे गल्लीतले दिवे चित्रात लुकलुकतात. युनिटमधल्या सगळ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली होती. ती घेतलेली असली, तरी कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि ० व ३ या दिवशी (० म्हणजे पहिला डोस घेतल्याचा दिवस) पुन्हा लस घ्यायची. हे प्रॉडक्शनच्या मुलांना दोनदा सांगावं लागतं, कारण लस घेतली की विषय संपला असंच सगळे धरून चालतात.

ताईंकडे रंगाची जुनी बादली असते. त्यात तांदळाचा मऊ भात, कोंबडीचे गळे आणि कातडी, चिमूटभर हळद. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. हाडं काढून टाकलेली, कारण शिजलेलं हाड तडकून टोकदार होतं आणि आतड्याला इजा करतं. एका कुत्र्यामागे दोन मोठे डाव, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानावर. जागाही ठरलेली: जिना, फाटक आणि मुलांची खेळायची जागा सोडून. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तसंच म्हटलंय, आणि गल्लीतली निम्मी भांडणं त्यानेच टळतात.

दिग्दर्शिकेला ताईंची हाक हवी होती. ‘या रे, या गं’ अशी हाक मारायची आणि कुत्री धावत यायची, असा तिचा शॉट. प्रत्यक्षात गाड्यांखाली झोपलेली पाचही कुत्री हाकेच्या कितीतरी आधी उठून उभी राहिली. हेडफोनमध्ये तेव्हा कोकीळ, पंप आणि लांबच्या लोकलचा भोंगा, एवढंच होतं. ताईंची स्कूटर कानात आली ती पुढे बारा-पंधरा सेकंदांनी. कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा टाइमकोड (दोन्हींवर नोंदलेली वेळ) जुळवून नंतर तपासलं, अंतर तेवढंच निघालं. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५ पर्यंत. आपण रेकॉर्ड करतो ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन, आणि त्याच्या निम्म्याच्या, २४ च्या वरचं काही त्यात उतरतच नाही. कुत्र्यांनी नेमकं काय ऐकलं ते आमच्या फाइलमध्ये कदाचित नव्हतंच.

सव्वासहाला गाडी आली. जुने रहिवासी तिला अजूनही ‘कुत्र्यांची गाडी’च म्हणतात, कारण नव्वदच्या दशकापर्यंत पालिकेची गाडी कुत्री मारायला न्यायची. (या शहरात हे भांडण जुनंच आहे. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्यावर बक्षीस लावलं, तेव्हा पारशांनी दंगल केली आणि बाजार बंद पाडले.) हल्लीची गाडी कुत्री परत आणून सोडते, पण ते कुत्र्यांना कोण सांगणार? म्हणून ड्रायव्हरने गाडी नाक्यावरच बंद केली आणि दोघं जण जाळं पाठीमागे धरून चालत आले.

पाचांतल्या चिंगीचं ऑपरेशन राहिलं होतं. ताईंनी हाक मारली, ती शेपूट हलवत आली आणि जाळं पडलं. शांत गल्लीसाठी गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पातळी, चढवून ठेवला होता, त्यावर ती किंकाळी आली. ३२-बिट फ्लोटवर होतो (या रेकॉर्डिंगमध्ये फार मोठा आवाजही मावतो) म्हणून आवाज फाटला नाही.

बाकीची चार कोपऱ्यापर्यंत पळाली आणि जाळेवाल्यांवर भुंकत राहिली. ताई बादली घेऊन त्यांच्याकडे गेल्या. त्या दोन पावलं पुढे, तर कुत्री दोन पावलं मागे. लेपलवर त्यांचा श्वास आणि ‘अरे, मीच आहे रे’ एवढंच ऐकू येत होतं. बादली तीच, आवाज तोच, तरी एकही कुत्रं जवळ आलं नाही.

अजून एक नर पकडायचा होता. पकडणाऱ्यांतले वयस्कर गृहस्थ म्हणाले, “ताई, खाणं ठेवा आणि घरी जा. हाक मारू नका. आम्ही अर्ध्या तासाने येतो.” तसंच केलं. नर सापडला, आणि त्या वेळी ताई गल्लीत नव्हत्या.

चिंगीच्या गळ्यात नंबरचा पट्टा घातला, वहीत गल्ली आणि इमारत लिहिली, कारण परत सोडायचं ते त्याच जागी. दुसरीकडे सोडलं तर तिथली कुत्री फाडायला उठतात आणि इथल्या रिकाम्या जागेवर नवी येतात. ऑपरेशनच्या वेळी भुलीतच कानाला खाच पाडतात. किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवून सोडतात. सोडल्यावरच्या पहाटे ती स्कूटरच्या आवाजाला बाकीच्यांबरोबरच उठली. पण ताई कागद ठेवून मागे सरल्याशिवाय खायला आली नाही.

मिक्सिंगला सूचना आली की स्कूटरचा आवाज सहा डेसिबलने चढवा, कुत्री का उठली ते प्रेक्षकाला कळत नाही. चढवला नाही. आपल्याला ती आधी ऐकू आली तर त्या शॉटमध्ये उरतं काय? त्याऐवजी आधीचा शॉट लांबवला. त्यात एक टॅक्सी आणि दूधवाल्याची मोटारसायकल जाते, आणि त्यांच्यासाठी एकही कुत्रं कान टवकारत नाही.