पाळी जाऊन वर्षं झाली आणि परत डाग दिसला तर

पाळी बंद होऊन 12 महिने उलटले की त्यानंतर एक थेंब जरी लाल गेलं तरी ते दाखवायचंच, गुलाबी डाग असो नाहीतर तपकिरी. "उष्णतेने होतं गं" म्हणणाऱ्या बायका भरपूर भेटतात, मलाही भेटल्या, त्यांचं बोलणं कानाआड करायचं आणि डॉक्टरकडे जायचंच.

तशी घाबरून जायची गोष्ट नाहीये. अशा बायकांत शंभरात साधारण 9 जणींना गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, बाकीच्यांचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, अस्तर सुकून नाजूक झालेलं, पॉलिप (अस्तरावर वाढलेली मऊ गाठ), नाहीतर हार्मोनच्या गोळ्या चालू असतात. पण ते 9 कोण हे बाहेरून कुणालाच कळत नाही ना.

आधी आतून सोनोग्राफी करतात आणि अस्तराची जाडी मोजतात. 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी आली तर कॅन्सरची शक्यता फारच कमी. माझी जास्त आली म्हणून डॉक्टर म्हणाल्या दुर्बिणीने पिशवीच्या आत बघू (हिस्टेरोस्कोपी), ओपीडीतच, भूल नको. पूर्वी अशा वेळी सरळ क्युरेटिन करायचे, पण त्यात अंदाजाने खरवडतात, न बघता, त्यामुळे एका कोपऱ्यात लटकलेला पॉलिप तसाच राहून जाऊ शकतो. दुर्बिणीत दिसतो. गंमत म्हणजे 1869 मध्ये पँटालिओनी नावाच्या डॉक्टरांनी ही तपासणी पहिल्यांदा केली ती पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या 60 वर्षांच्या बाईवरच, आणि सापडला काय तर पॉलिपसारखी वाढ!

आता दुखतं का, हा खरा प्रश्न. दुखतं. कुणाला पाळीतल्या कळेएवढं, कुणाला खूप जास्त, आणि "काही नाही हो, पाच मिनिटांचं काम" असं कुणी म्हणालं तर मला राग येतो, कारण काम पाच-दहा मिनिटांचं असलं तरी कळ कुणाला किती येईल ते आधी सांगता येत नाही. पाळी गेलेल्या बाईचं पिशवीचं तोंड आकसलेलं असतं, नॉर्मल डिलिव्हरी झालेली नसेल तर आणखीनच, तिथून दुर्बिणीची नळी आत जाताना जोर लागतो. म्हणून आधीच विचारून घ्यायचं. तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायची का, नळी किती बारीक आहे (साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक मिळते), पिशवीचं तोंड धरायचा चिमटा आणि स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन) न लावता करता का, कारण तसं केलं तर त्रास कमी होतो. आणि "थांबा" म्हटलं की थांबणार ना. नको असेल तर भूल देऊन करा म्हणायचा पूर्ण हक्क आहे, त्यात लाजायचं काय?

माझ्या वेळी सिस्टर डोक्याशी उभ्या राहून बोलत होत्या, स्क्रीन माझ्याकडे वळवलेली. पिशवी फुगावी म्हणून सलाईन सोडतात, ते कोमट पाणी खाली गळत राहतं, ते फार विचित्र वाटतं बाई. आत फिकट गुलाबी भिंत, दोन्ही कोपऱ्यांत गर्भनळ्यांची बारीक काळी तोंडं आणि मधे तो पॉलिप, पाण्यात हलतोय, जेलीसारखा. डॉक्टरांनी तिथेच बारीक कात्रीने कापून काढला, मग अस्तराचा तुकडाही बायोप्सीला घेतला, त्या वेळची कळ सगळ्यात वाईट होती, पोटात पिळवटलं एकदम. उठल्यावर घेरी येते कुणाकुणाला, म्हणून थोडं पडून राहायचं, धडपडत निघायचं नाही, सोबत कुणीतरी असू द्या.

नंतर थोडं लालसर पाणी जातं, पॅड लागतं. ताप आला, घाण वास यायला लागला किंवा पोट दुखणं वाढत गेलं तर मात्र लगेच फोन करायचा. आणि रिपोर्ट चांगला आला, पुढे परत डाग दिसला, तर "मागेच तपासलंय की" म्हणून बसून राहायचं नाही, परत जायचं. डॉक्टरांनी मला हे दोनदा बजावलंय.