पहिली मेणबत्ती सर्वांत आखूड

२१ डिसेंबर २०२५, आगमनकाळाचा चौथा रविवार

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या तयारीचे चार रविवार; दर रविवारी हिरव्या फांद्यांच्या कड्यात आणखी एक मेणबत्ती लावतात. आज चौथी लागली आणि कड्यात चार उंचींच्या चार ज्योती झाल्या. आणल्या तेव्हा चौघीही वीस सेंटिमीटरच्या. रोज संध्याकाळी प्रार्थनेपुरती पंधरा मिनिटं. पहिली कालपर्यंत २१ संध्याकाळी जळली, दुसरी १४, तिसरी ७. पहिलीची जेमतेम सात सेंटिमीटर उरली आहे. तिला आशेची मेणबत्ती म्हणतात. ती अंधारात एकटी पेटते आणि सर्वांत जास्त झिजते. किती खरं आहे हे!

म्हणून मेणबत्त्या निवडताना हिशेब पहिलीचा करावा. दोन सेंटिमीटर जाडीची मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर उतरते. ३० नोव्हेंबर ते २४ डिसेंबर या २५ संध्याकाळी म्हणजे सव्वासहा तास, सोळा सेंटिमीटरच्या आसपास. बारीक मेणबत्ती दुसऱ्या आठवड्यातच संपते. पंखा बंदच हवा. वारा लागला की मेण एका बाजूने ओघळतं आणि मेणबत्ती लवकर बसते. सुरूच्या फांद्या आपल्याकडच्या हवेत आठवड्यात वाळतात, आणि वाळलेला सुरू भडकन पेटतो. दर रविवारी ताज्या घालाव्यात, खाली परातीत ओली वाळू, पानं ज्योतीपासून चांगली दूर.

१८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये धर्मोपदेशक योहान विखर्न यांनी आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर अशा मेणबत्त्या लावल्या. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? उत्तर डोळ्यांना दिसावं, एवढाच हेतू.

आजचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं वाचन, मत्तयाच्या पहिल्या अध्यायातलं: मरीयेशी वाङ्निश्चय झालेल्या योसेफाचं स्वप्न. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. देवदूत म्हणतो, मरीयेचा स्वीकार करायला घाबरू नकोस, बाळाचं नाव येशू ठेव. बस. बेथलेहेमात जागा मिळणार नाही, हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठेल, मिसर देशात पळावं लागेल, यातलं काही सांगितलेलं नाही. मिसरला जायचं ते पुढच्या स्वप्नात, परत यायचं ते त्याच्याही पुढच्या. प्रत्येक वेळी एकाच पावलापुरता उजेड. आणि योसेफ उठतो, सांगितलं तेवढं करतो.

देवावर भरवसा ठेवणं बहुतेकदा इथेच अडतं. आपण सगळा रस्ता आधी मागतो. आजारपण, अडलेली नोकरी, घरातला अबोला, काहीही असो, २५ तारखेपर्यंत सुटावं अशी मुदत मनात घातली की नाताळची सकाळ जड जाते. त्यापेक्षा या पंधरा मिनिटांत मत्तय १:१८ ते २५ हळू, मोठ्याने वाचावं. मग ज्याची वाट पाहतो आहोत ते आडपडदा न ठेवता देवाला एका वाक्यात सांगावं. नंतर दोन मिनिटं गप्प बसावं. शेवटी उद्याचं एकच काम मागावं: कुणाला फोन करायचा, कुणाची क्षमा मागायची, दवाखान्यात कुणाजवळ बसायचं. मन कोरडं असेल तरीही बसावं. योसेफाला त्या सकाळी कसं वाटलं, हे मत्तय लिहीत नाही. मधल्या संध्याकाळी चुकल्या असतील तर भरून काढायच्या नाहीत, आजची वात पेटवावी.

बुधवारी रात्री मधली पांढरी मेणबत्ती, ख्रिस्ताची, लावायची. तोवर पहिलीचे चारेक सेंटिमीटर शिल्लक राहतील. काडी न ओढता पहिलीच्याच ज्योतीवरून पांढरी पेटवावी.