औषधाविना चिठ्ठी

सहा वर्षं मी औषधं विकली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि सरळ एका कीटकनाशक कंपनीत लागलो. कास्तकारानं पान दाखवायचं, मी बाटली सांगायची. ऑगस्टमध्ये ते सोडून एका संस्थेत कृषी सल्लागार झालो. घाटंजी तालुक्यातली अकरा गावं, बहुतेक सगळे पाच एकराच्या आतले, कोरडवाहू. पगार कमी, टार्गेट नाही. टार्गेट नसण्याची सवय लागायला वेळ लागतो. पहिला आठवडा तर रोज संध्याकाळी आपण आज नेमकं काय केलं तेच कळत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी फोन आला.

"साहेब, पऱ्हाटीले भेंडीचे पानं फुटून रायले."

कपाशीला भेंडीची पानं. मी हसलो, आणि ते चुकलंच. वावरात जाऊन पाहिलं तर बाईनं अगदी नेमकं वर्णन केलं होतं. शेंड्याकडची कोवळी पानं अरुंद, लांबट, बोटांसारखी चिरलेली. शिरा एकमेकींजवळ ओढल्यासारख्या. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत, तळहाताएवढी. दोन महिन्यांची पऱ्हाटी, नुकत्या पात्या, म्हणजे फुलकळ्या, धरलेल्या.

फोन करणाऱ्या या काकूंचं तीन एकर. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मुलगा पुण्याला कंपनीत. मी पोचलो तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांचे दीर आणि शेजारचे दोघं येऊन उभे होते. नवा साहेब काय सांगतो ते ऐकायला.

"दुकानदार म्हनते वायरस हाय. दोन बाटल्या देल्या त्यानं. मारू का नोको?"

बाटल्या पिशवीत होत्या. एक माझ्याच जुन्या कंपनीची. खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडात आधी औषधाचंच नाव आलं होतं. सहा वर्षांची जीभ ती. पण पानं उलटी करून पाहिली, तर चार-पाच पानांना मिळून एखादा तुडतुडा. फुलकिडे नाहीत, पांढरी माशी नाही. पांढऱ्या माशीतून पसरणारा कपाशीचा पर्णगुच्छ व्हायरस पंजाब, हरियाणा, राजस्थानकडचा. त्यात पान वाटीसारखं वळतं आणि शिरा जाड होतात. पानाची बोटं होत नाहीत.

मग मी तेच केलं जे विक्रीच्या दिवसांत कधी केलं नव्हतं. अख्खं वावर आडवं चाललो. काळ्या मातीत बूट शेरभर जड झाले. विहिरीकडचे सहा-सात तास, म्हणजे पिकाच्या ओळी, पूर्ण बिघडलेले. त्यापुढचे तेवढेच तास निम्मे. मग नुसते शेंडे किंचित आखडलेले. त्यानंतर एकदम हिरवंगार, कशाचा पत्ता नाही. किडीला तास मोजता येत नाहीत. माणसाला येतात.

"काकू, शेवटचा फवारा कधी मारला?"

"झाले बारा दिवस. तुडतुड्यावर."

"सुरुवात कुठून केली?"

"इथूनच की. पानी इथं हाय तं."

पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा. एकराला साधारण दहा पंप लागतात, म्हणजे एका पंपात असे सहा-सातच तास होतात. पहिल्या पंपात सगळ्यात जास्त, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात नावापुरतं. औषधात दोष असता तर सगळ्याच पंपांत सारखा दिसला असता. दोष पंपात होता, आणि दर भरणीला धुतला जात होता.

"हा पंप त्याच्या आधी कोणी नेला होता का? तणनाशकासाठी?"

विचारलं आणि लगेच लक्षात आलं की हे चारचौघांत विचारायचं नव्हतं. काकूंनी उत्तर दिलं नाही. फक्त दिराकडे पाहिलं. शेजारच्यांनीही पाहिलं.

"धुतला होता म्या," दीर म्हणाले. "दोन पान्यानं धुतला. धुऱ्यावरच्या गाजरगवतावर टू-फोर-डी मारलं, अन् धुऊनच देला. तिले इचारा."

"म्या कुठं काई म्हनलं भाऊजी?" काकू म्हणाल्या. पण आवाजात म्हटलेलं होतं.

टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणाचं तणनाशक. झाडाच्या वाढीच्या हार्मोनसारखं काम करतं, आणि कपाशी त्याला भलतीच नाजूक. तळाशी राहिलेले थेंब, नळीच्या रबरात, वायसरमध्ये मुरलेला अंश, एवढंही पुरतं. दोन पाण्यांनी ते निघत नाही. दिरांचं काही खोटं नव्हतं, धुतलंच असेल. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा यावर मी स्वतः कित्येक सभांत बोललो. काल या पंपात काय होतं ते बघा, हे एकदाही बोललो नाही. तणनाशकही आम्हीच विकत होतो.

हे सगळं मी दिरांकडे न बघता, पंपाकडे बघून सांगितलं. तेवढं तरी सुचलं.

"मंग उपटू का?"

"नाही. नवी पानं सरळ येतील. पहिल्या सहा-सात तासांचे बिघडलेले शेंडे खुडा. वाफसा आला की डवरा, म्हणजे कोळपं, फिरवा. दुसऱ्याचा चांगला पंप आणून दहा लिटरला शंभर ग्रॅम युरिया, एवढाच फवारा. त्या तासांत बोंडं कमी लागतील, ते मात्र भरून येणार नाही."

"युरिया तं खत झालं. औषध कोनतं?"

"औषध नाही. या बाटल्या परत करा."

काकूंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चिठ्ठी लिवून द्या."

"कशाची? औषधच नाही."

"तेच लिवा. औषध नाई म्हनून. दुकानदार वापस घेताना इचारन, पोरगा फोनवर इचारन. माह्या तोंडाचं कोन आयकते?"

डायरीचं पान फाडलं. 'या पिकावर सध्या कोणतेही कीटकनाशक फवारू नये.' खाली सही, तारीख. अशी चिठ्ठी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिली. त्यांनी ती घडी करून सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन. जुनी ओळख. "काय साहेब, कंपनी सोडली म्हनून आमचं दुकान बंद पाडता काय?" हसतच म्हणाला, पण बाटल्या घेतल्या की नाही ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काकूंना विचारलं. एक घेतली होती, दुसरी खरडलेली आहे म्हणून नाही.

पोळा झाल्यावर पुन्हा गेलो. खुडलेल्या तासांत फांद्या फुटल्या होत्या, पानं पुन्हा तळहातासारखी. झाडं मात्र बाकीच्यांहून वीतभर मागं. काकू निंदणाच्या बायांबरोबर होत्या, लांबूनच हात केला.

मोटारसायकल वळवत होतो तर दीर रस्त्यावर आले. इकडेतिकडे पाहिलं.

"साहेब, पंप कायनं धुवा लागते मंग?"

"धुण्याच्या सोड्यानं. पाण्यात घालून पंप भरायचा, थोडं नळी-नोझलमधून सोडायचं, रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी तीन-चार पाण्यांनी काढायचा. पण खरं म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा."

"दोन पंप कुठून आनू?" ते म्हणाले. जरा वेळानं, "सोडा किराण्यात भेटते ना?"